मरण कशाने आले? कागद काय सांगतो?

मागच्या महिन्यातली गोष्ट. दुपारचा एक वाजून गेला होता, कंपाउंडर शटर अर्धे ओढून बसला होता. तेवढ्यात पदर डोक्यावर घेतलेली एक बाई आणि तिच्या मागे पंचवीस-सव्वीस वर्षांचा मुलगा आत आले. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. दुखणे घेऊन येणारा माणूस असा पिशवी धरून येत नाही. पिशवीवाला माणूस हा सहीसाठी आलेला असतो, हे तीस वर्षांच्या दवाखान्यात मला कळले आहे.

"डॉक्टरसायेब, मले तुमच्या हातचं एक लिवून पायजे. बँकवाले म्हन्ते, हा माणूस अन् तो माणूस एक नाई."

बाईंचे मालक माझे जुने पेशंट. गेल्या वर्षी पोळ्याच्या कराला ते घरी वारले. त्यांच्या खात्यातून दरवर्षी विम्याचे ४३६ रुपये कापले जात. म्हणजे प्रधानमंत्री जीवनज्योती योजनेचे दोन लाख रुपये बाईंना मिळायला हवे होते. पण पासबुकावर त्यांचे शाळेतले नाव आणि मृत्यूच्या दाखल्यावर घरचे, हाक मारायचे नाव. ग्रामपंचायतीत खबर द्यायला पुतण्या गेला होता. त्याला काकाचे जे नाव ठाऊक होते ते त्याने सांगितले, तिथल्या माणसाने ते लिहिले. आधार कार्ड कोणी मागितले नाही, कोणी नेलेही नाही. झाले! एका शब्दाच्या फरकाने दोन लाख रुपये अडकले.

वाचकहो, आरोग्याच्या या सदरात बँकेचे आणि ग्रामपंचायतीचे हे रडगाणे कशाला, असे आपल्याला वाटेल. मलाही तसेच वाटले असते. पण त्या पिशवीत आणखी एक कागद होता. तो माझ्याच लेटरहेडवर होता आणि त्याच्याखाली माझीच सही होती. "हृदयक्रिया व श्वसनक्रिया बंद पडल्याने मृत्यू."

मी तो कागद हातात घेऊन बराच वेळ गप्प बसलो.

या गृहस्थांचे मूत्रपिंड निकामी झाले होते. दोन वर्षांपासून त्यांचा रक्तदाब आटोक्यात नव्हता, पाय सुजत, क्रिएटिनीन वाढत चालले होते. अकोल्याला सर्वोपचारमध्ये तीन-चार वेळा डायलिसिस झाले, मग येण्याजाण्याचा खर्च आणि शेतीचा हंगाम यांत ते थांबले. हे सगळे मला माहीत होते. तरी त्या दिवशी घरी जाऊन नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि बाहेर ओट्यावर बसून हात जे वळणाने लिहीत आला आहे तेच लिहिले. अहो, हृदय थांबल्याशिवाय कोणी मरतो का? हृदय आणि श्वास थांबणे म्हणजेच तर मरण. "मेला कशाने?" या प्रश्नाला मी "मरण पावल्याने" असे उत्तर दिले होते.

नावाच्या दुरुस्तीसाठी मी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना फोन लावला. (ग्रामसेवक हे नाव २०२४ साली बदलले, पण गावात अजून सगळे ग्रामसेवकच म्हणतात.) त्यांनी रजिस्टर उघडून नोंद वाचून दाखवली. कारणाच्या रकान्यात "हार्ट अटॅक". माझ्या लेटरहेडवरचे हृदय तिथपर्यंत जाताजाता अटॅक झाले होते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, मी त्यांच्या हाती दिले तेच त्यांनी चार शब्दांत आटोपले.

आता हे गाव कुठले, ते सांगतो, म्हणजे माझ्या गप्प बसण्याचे कारण कळेल. पूर्णेच्या दोन्ही अंगांना दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर असा जो पट्टा पसरला आहे, त्याला आपण खारपाणपट्टा म्हणतो. जमीन काळीभोर, पण विहीर खणली तर पाणी खारट. पिके त्या पाण्यावर येत नाहीत, डाळ शिजत नाही. चौऱ्याऐंशी खेडी योजनेसारख्या नळयोजनांनी काही गावांना धरणाचे गोडे पाणी मिळाले, काही गावांत ते आठवड्यातून येते आणि मधल्या दिवसांत पुन्हा विहीर-हापशीच. या पट्ट्यातल्या कोणत्याही गावच्या पारावर बसा. "आमच्या गावात किडनीनंच माणसं चालली," हे वाक्य ऐकायला मिळेल. मोर्चे निघाले, निवेदने दिली गेली, वर्तमानपत्रांत छापून आले.

आणि साहेब विचारतात, "किती माणसे?" विचारायलाच हवे. खाऱ्या पाण्याने मूत्रपिंड जाते की वाढलेल्या रक्तदाबाने, साखरेने, की अंगदुखीच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर घेऊन वर्षानुवर्षे खाल्ल्याने, हा प्रश्न घोषणेने सुटणारा नाही. माझ्याकडे येणाऱ्या मूत्रपिंडाच्या पेशंटांत रक्तदाबवाले आणि गोळ्याखाऊ दोन्ही पुष्कळ आहेत. गोड्या पाण्याच्या गावात दर हजारी किती गेले, खाऱ्या पाण्याच्या गावात किती गेले, कोणत्या वयाचे गेले, हे शेजारी मांडून पाहिले तरच काही बोलता येते. ते मांडायचे कशावरून? मृत्यूच्या रजिस्टरवरून. आणि रजिस्टरात काय? हार्ट अटॅक, म्हातारपण, हार्ट अटॅक, अल्पशा आजाराने. त्यात एक ओळ माझ्या हातची.

म्हणून आजचा लेख.

मृत्यूचे कारण लिहायचा एक ठरलेला नमुना आहे. दवाखान्यात मृत्यू झाला तर नमुना ४, घरी झाला तर नमुना ४ अ. त्यात तीन पायऱ्या उतरायच्या असतात. पहिल्या ओळीत शेवटी नेमके काय झाले, दुसऱ्यात ते कशामुळे, तिसऱ्यात त्याच्याही मुळाशी काय होते. प्रत्येक ओळीपुढे तो आजार मरणाआधी किती काळ होता, तेही लिहायचे. या गृहस्थांचे मी असे लिहायला हवे होते: रक्तातील पोटॅशियम वाढले, एक दिवस, ते जुनाट मूत्रपिंड निकामी झाल्याने, दोन वर्षे, ते उच्च रक्तदाबाने, आठ वर्षे. पाच मिनिटांचे काम. संख्याशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत खालची, मुळाची ओळ मोलाची, कारण औषध तिथे लागू पडते. हृदय थांबण्यावर शासन कोणती योजना काढणार?

कायदा काय म्हणतो, तेही पाहू. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. २०२३ साली त्यात दुरुस्ती झाली आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून ती लागू आहे. दवाखान्यात मृत्यू झाला तर कारणाचा दाखला निबंधकाकडे पाठवायचा आणि त्याची प्रत नातेवाइकालाही द्यायची. शेवटच्या आजारात ज्या डॉक्टरने उपचार केले त्याने तो दाखला विनाशुल्क द्यायचा. तेव्हा मागायला संकोच करू नका. आणि मृत्यूच्या दाखल्यावर कारण नसते म्हणून कोणी घाबरू नये. आपल्याला मिळणाऱ्या दाखल्यावर कारण छापायचे नाही, असे कायद्यातच आहे. घरची गोष्ट चावडीवर जाऊ नये म्हणून. एखाद्याला क्षय होता किंवा कोणी विष घेतले होते, हे लपवण्यासाठी "हार्ट अटॅक लिहा ना सायेब" असे सांगणारे नातेवाईक मला बरेच भेटतात. त्यांना मी हे आवर्जून सांगतो. (विषाच्या बाबतीत तर मी लिहू शकतच नाही. तो पोलिसांचा आणि शवविच्छेदनाचा मामला.)

आपल्याकडे ही नोंद काही काल-परवा सुरू झालेली नाही. इंग्रजी अमदानीत वऱ्हाडात पाटील-कोतवालांकडून गावची जन्म-मरणे टिपली जात आणि वर जात. आजही जातीच्या दाखल्यासाठी आजोबा-पणजोबाचा कागद हुडकायचा म्हटले की तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये "कोतवाल बुक" आणि शाळेतले दाखल-खारीज रजिस्टर शोधत माणसे हिंडतात. ज्या कोतवालाने ते लिहिले त्याला काय ठाऊक, की शंभर वर्षांनी एखाद्या मुलीचा इंजिनीअरिंगचा प्रवेश त्याच्या अक्षरावर अडेल! त्या जुन्या तक्त्यांत मरणाची ठरावीक खाती असत: पटकी, देवी, प्लेग, हगवण, जखमा आणि ताप. ज्याचे काही कळले नाही तो "ताप" या खात्यात. हिवतापाचा, विषमज्वराचा, बाळंतरोगाचा, न्यूमोनियाचा, सगळे तापात. आमच्या पिढीने ताप काढून तिथे हार्ट अटॅक बसवला, एवढीच काय ती प्रगती.

१९१८ सालच्या दसरा-दिवाळीच्या दिवसांत इन्फ्लुएंझाची साथ आली. मध्यप्रांत आणि वऱ्हाड हा देशात सर्वांत जास्त मार बसलेल्या भागांपैकी एक. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत वऱ्हाडची लोकसंख्या तीस लाखांच्या आसपासच अडकून राहिली. त्या साथीचा अंदाज नंतरच्या संशोधकांनी बांधला तो गावोगावच्या याच नोंदींवरून. पण साथ ऐन भरात असताना नोंद करणारेच तापाने आडवे झालेले. जिथे मरण सर्वांत जास्त, तिथेच नोंद सर्वांत कच्ची.

तीच गोष्ट शंभर वर्षांनी पुन्हा पाहिली. २०२१ च्या फेब्रुवारीत कोरोनाची दुसरी लाट राज्यात आधी आपल्या अमरावती-अकोल्यात उसळली. २२ फेब्रुवारीपासून अमरावती आणि अचलपूर शहरे बंद करावी लागली. त्या काळात घरी वारलेल्या, तपासणी न झालेल्या माणसांच्या कागदांवर काय लिहिले गेले, ते आम्हा डॉक्टरांना ठाऊक आहे. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने पन्नास हजारांचे अनुदान आले आणि तपासणीनंतर तीस दिवसांच्या आत झालेला मृत्यू, घरी झाला असला तरी, कोरोनाचा धरायचा असे ठरले. तेव्हा लोक रिपोर्ट शोधायला लागले. रिपोर्टवर वडिलांच्या नावाऐवजी आडनाव, मोबाइल नंबर शेजाऱ्याचा. पुन्हा तीच पिशवी, तेच कागद.

नोंद कुठे होते, याबद्दलही आपल्या लोकांत मोठा घोटाळा आहे. जन्म किंवा मृत्यू जिथे घडला, तिथे त्याची नोंद. राहण्याच्या गावी नाही. सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते, तिथून अडचण आली म्हणून अमरावतीला डफरीनला किंवा अकोल्याला लेडी हार्डिंगला नेतात. बाळाची नोंद शहरात झालेली असते आणि आजोबा सासरच्या ग्रामपंचायतीत चार चकरा मारून "आमच्या नातवाचं नाव चढवलंच नाई" म्हणून भांडून येतात. मृत्यूचेही तसेच. गावातला गंभीर पेशंट इर्विनला किंवा सर्वोपचारला जातो, तिथे दगावतो, नोंद शहरात. गावचे रजिस्टर पाहिले तर गाव मोठे निरोगी! नुसते रजिस्टर पाहून "तुमच्या गावात तर मरणच नाही" म्हणणाऱ्या साहेबाला हे सांगावे लागते. नोंदीत राहण्याच्या पत्त्याचा वेगळा रकाना असतो. तो नीट भरला तर शहरातले मरण त्या गावाच्या हिशेबात मांडता येते. १८५४ साली लंडनच्या पटकीच्या साथीत डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूच्या नोंदींतले पत्ते घेऊन एकेक घर गाठले, तेव्हा ती माणसे ब्रॉड स्ट्रीटच्या एकाच हापशीचे पाणी पिणारी निघाली. पत्त्याचा रकाना रिकामा असता तर ती हापशी तशीच चालू राहिली असती.

मी स्वतः रजिस्टराकडे पहायला शिकलो ते मेळघाटात. १९९३ च्या पावसाळ्यातल्या बालमृत्यूंनी मेळघाटचे नाव सगळीकडे गाजले होते. त्यानंतर थोड्याच वर्षांनी मी धारणी तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात वर्षभर नोकरीला होतो. नवा डॉक्टर, अंगात जोम. एका पाड्यावर गेलो असताना एका कोरकू बाईची चौकशी केली. केंद्राच्या रजिस्टरात तिच्यापुढे "मृतजन्म" असे होते, म्हणजे पोटातच मेलेले बाळ. तिला ते वाचून दाखवल्यावर ती नर्सकडे बघत राहिली. मग माझ्याशी हिंदीत बोलली, "रोया था साहब. दो बार."

दोनदा रडले होते. म्हणजे ते बाळ जिवंत जन्मले होते. बाहेर आल्यावर ज्याने श्वास घेतला, हालचाल केली, ते बाळ कायद्यानेही जिवंत जन्मलेले, मग ते दहा मिनिटे जगो. त्याचा जन्मही नोंदवायचा आणि मृत्यूही. पण तसे लिहिले तर बालमृत्यू वाढतो, तालुक्याहून विचारणा येते, नर्सला नोटीस मिळते. मृतजन्म लिहिला की कोणी काही विचारत नाही. त्या नर्सबाई काही वाईट नव्हत्या. पावसात ओढे ओलांडून बाळंतपणे करणारी बाई. त्यांनी मला सरळ सांगितले, "सर, खरं लिहिलं की आमचीच खरडपट्टी निघते." मी त्या महिन्यात रजिस्टरात दुरुस्ती केली. पुढच्या महिन्याच्या बैठकीत माझ्या केंद्राचे आकडे वाढलेले दिसले आणि सर्वांसमोर उभे करून मला विचारण्यात आले, "तुम्ही आल्यापासून मुलं जास्त का मरायला लागली?"

यावर हसू आले तर हसा, पण उपचाराच्या दृष्टीने पाहा. पोटात मेलेल्या बाळासाठी गरोदरपणातली तपासणी सुधारावी लागते. जन्मून, रडून, मग गेलेल्या बाळाला ऊब, श्वास आणि जंतुसंसर्गावरचे औषध लागते. दोन वेगळी कामे. रजिस्टराने पहिले सांगितले म्हणून दुसरे कोणी केलेच नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने याच दुसऱ्या कामावर बोट ठेवले. खेड्यातल्या बायकांना शिकवून नवजात बाळांची घरीच काळजी घेतली आणि ३९ गावांतले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. आज आपल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जातात, त्याचे मूळ तिथे आहे. सगळे या प्रयोगाच्या औषधोपचाराची वाहवा करतात. मला त्यांच्या मोजणीचे जास्त कौतुक वाटते. गावातला कार्यकर्ता वर्षभर जन्म-मृत्यू टिपत असे आणि दर सहा महिन्यांनी दुसरा माणूस, पहिल्याची वही न बघता, घरोघर जाऊन तेच पुन्हा विचारत असे. मग दोन्ही याद्या जुळवायच्या. २००१ साली बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 'कोवळी पानगळ' हा अहवाल आला. राज्यात प्रत्यक्ष होणारे बालमृत्यू सरकारी आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत, हे त्यात निघाले. त्यानंतर शासनाने डॉ. बंग यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली.

ही दोन याद्यांची युक्ती फार सोपी आहे आणि ती शोधण्यात आपल्या देशाचा वाटा आहे. सी. चंद्रशेखरन आणि अमेरिकेचे डेमिंग यांनी १९४९ साली ती मांडली, बंगालमधल्या सिंगूरच्या नोंदी घेऊन. समजा, आपल्या गावच्या रजिस्टरात वर्षाचे ४० मृत्यू आहेत. घरोघर विचारत फिरलेल्या माणसाला ३६ सापडले. दोन्ही याद्यांत सामाईक नावे ३०. म्हणजे फिरणाऱ्याला सापडलेल्या ३६ पैकी ३० च रजिस्टरात आहेत, सहातले पाच. तर रजिस्टराचे ४० हेही खऱ्या संख्येच्या सहातले पाचच असणार. खरी संख्या ४८. दोन याद्या मिळून ४६ नावे होतात. उरलेले दोघे कुणालाच सापडले नाहीत, तरी ते गेले आहेत हे गणिताने कळले. केंद्राची नमुना नोंदणीची पद्धत याच दुहेरी मोजणीवर चालते. कोणत्याही ग्रामपंचायतीला हे करता येईल. एका बाजूला रजिस्टर, दुसऱ्या बाजूला आशाताईची वही. ग्रामसभेत वर्षातून एकदा दोन्ही याद्या वाचा, पाच मिनिटांत चार आज्या सांगतील कोण राहिले ते. आज्यांची आठवण पक्की असते. तारीख सांगणार नाहीत, पण "होळीच्या आधी" की "कापूस वेचणीत", हे चुकणार नाहीत.

संगणकाने हे सगळे सुधारेल, असे मला पूर्वी वाटायचे. २०२१ पासून अंगणवाडीची वजने मोबाइलमधल्या पोषण ट्रॅकरवर भरतात, जन्म-मृत्यूही संगणकावर चढतात. संगणक बेरीज चुकत नाही, हे खरे. पण काटा चुकला तर? एका अंगणवाडीत मी तपासणीला गेलो होतो. रिकामा काटा शून्यावर नव्हताच, पाव किलोच्या पुढे उभा. सगळ्या पोरांचे वजन पाव किलोने जास्त, आणि काठावरची दोन कुपोषित पोरे कागदावर चांगली धष्टपुष्ट. सेविकाताईंना तो काटा बदलून मिळावा म्हणून त्यांनी दोन अर्ज केले होते. तेच वजन त्यांना वहीत, कार्डावर, मोबाइलवर आणि महिन्याच्या अहवालात मिळून चार वेळा लिहायचे. चार वेळा लिहिण्यात जितका वेळ जातो, त्यात काटा दोनदा शून्यावर आणता आला असता.

खोटा आकडा ओळखायची एक खूण सांगतो. तो गोल असतो. नवजात बाळांची वजने एकजात अडीच किलो दिसली, की समजा तिथे कोणी काटा वापरलेला नाही. म्हाताऱ्यांची वये ६०, ६५, ७०. आपल्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जुलैला नाहीतर १ जूनला, कारण शाळेत घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली. आणि आम्हा डॉक्टरांचे रक्तदाबाचे आकडे: १२०/८०, १३०/८०, १२०/८०. इतके लोक इतके सारखे नसतात. हात दंडावर पट्टा न बांधताच लिहीत असतो.

नोंद उशिरा केली तर काय, हे बरेच जण विचारतात. २१ दिवसांच्या आत खबर दिली तर काही शुल्क नाही. त्यानंतर महिन्यापर्यंत विलंब शुल्क, वर्षापर्यंत वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी, आणि वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. २०२३ च्या दुरुस्तीनंतर हे काम जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आले. २०२५ च्या सुरुवातीला अशा उशिराच्या नोंदींवरून राज्यात मोठा गदारोळ झाला, चौकशी लागली, काम काही काळ थांबले. आपले दोन्ही जिल्हे त्यात गाजले. राजकारणाचे राजकारणी बघोत. पण वेळेवर एकवीस दिवसांत नोंद केली असती, तर त्या रांगेत कितीतरी गरिबांना उभेच राहावे लागले नसते. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलाला तर शाळेपासून वाहन परवान्यापर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचाच दाखला चालणार आहे. बाळाचे नाव ठरले नसले तरी नोंद अडत नाही. नाव नंतर घालता येते, वर्षाच्या आत विनाशुल्क. खबर द्यायला जाणाऱ्याने आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन जावे आणि लिहून झाले की सही करण्याआधी एकेक अक्षर वाचून पाहावे. पुतण्याला पाठवाल, तर चिठ्ठीवर पूर्ण नाव लिहून द्या.

बाईंच्या कामाचे पुढे असे झाले. नावाची चूक निबंधकाला दुरुस्त करता येते. पुरावे आणि दोन जाणत्या माणसांचे प्रतिज्ञापत्र लागले. कायद्यातली एक गोष्ट मला फार आवडली. मूळ नोंद खोडायची नाही, पांढरा रंग लावायचा नाही. बाजूच्या समासात दुरुस्ती लिहायची, सही करायची, तारीख घालायची. म्हणजे काय चुकले होते आणि ते कोणी केव्हा सुधारले, दोन्ही दिसत राहते. त्याच वेळी मी नमुना ४ अ पुन्हा, नीट, तिन्ही ओळी भरून दिला आणि सोबत माझी चूक कबूल करणारे पत्र जोडले. ते हातात घेताना ग्रामपंचायत अधिकारी जरा अवघडले. "डॉक्टरसाहेब, असं पत्र आजवर कोणी दिलं नाही," म्हणाले.

दाखला घेऊन बाई मुलासह पुन्हा आल्या. बँकेने कागद ठेवून घेतले होते. निघताना मुलाच्या चेहऱ्याकडे माझे लक्ष गेले. डोळ्यांखाली सूज होती. डोके दुखते का विचारले, तर म्हणाला, "हाओ, कधी कधी. मेडिकलातून गोळी घेतो." त्याला बसवले, पाच मिनिटे गप्प राहायला सांगितले, पट्टा बांधला. एकदा पाहिले, थांबून दुसऱ्यांदा पाहिले. लघवी आणि क्रिएटिनीन तपासायची चिठ्ठी दिली, गोळ्या बंद करायला सांगितल्या. केसपेपरवर त्याचे पूर्ण नाव, गावाचे नाव, पिण्याचे पाणी विहिरीचे, आणि खाली १५८/९६ लिहिले.